पिशवीभर हवा

पनवेलहून मुंबई-गोवा रस्त्याला लागलं की पळस्पे फाटा, कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ, नागोठणे आणि मग कोलाड. साधारण ७५ किलोमीटर. गाडीत एक डुलकी काढली की पोचलो. पण माझ्या नातवंडांनी दिवाणखान्यात मांडलेला पसारा बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, "हिमालयात निघालात की काय?"

निघाली होती कुंडलिकेवर. डिसेंबरातले दोन दिवस कॅनू वल्हवायची आणि मधली रात्र काठावर तंबूत काढायची. बरोबर त्यांचा मामा, त्याला नदीची सवय. माझे गुडघे आता होडीत मावत नाहीत, म्हणून माझ्या वाट्याला पिशव्या तपासायचं काम आलं. थोरली आठवीत आहे, म्हणजे तिला सगळं ठाऊक असतं. धाकटा पाचवीत आहे, म्हणजे त्याला सगळं विचारायचं असतं.

"आबा, माझं भरून झालं," थोरली म्हणाली.

मी पिशवी उघडली. वरच जाडजूड जीन्स.

"ही बाहेर काढ."

"का? जाड आहे ना. थंडी वाजणार नाही."

"कोरडी असेल तोवर नाही वाजणार. बस इथं. आधी मला सांगा, ऊब येते कुठून?"

"स्वेटरमधून," धाकटा ठामपणे म्हणाला.

"मग तुझा स्वेटर रात्रभर कपाटात ठेवू आणि सकाळी हात लावून बघू. गार लागेल. स्वेटरात चूल नसते रे, चूल तुझ्या पोटात आहे. खाल्लेल्या भाकरीवर ती रात्रंदिवस धगधगते आणि अंग ३७ अंशांवर ठेवते. कपड्याचं काम एवढंच, की ती ऊब बाहेर निसटू द्यायची नाही. आणि गंमत म्हणजे हे काम कापड करतच नाही. ते करते कापडात अडकलेली हवा."

हवा उष्णता वाहून न्यायच्या बाबतीत फार आळशी. साठलेलं पाणी तिच्यापेक्षा जवळजवळ २५ पट भरभर उष्णता ओढून नेतं. म्हणून खोलीत २५ अंश असले तर आपल्याला छान वाटतं आणि २५ अंशांच्या पाण्यात तासभर डुंबलं तर दात वाजायला लागतात. उघड्या अंगाला पाणी गारही वाटू नये आणि गरमही वाटू नये, असं हवं असेल तर ते ३४ अंशांच्या आसपास असावं लागतं.

पण हवेला एक खोड आहे. ती एका जागी बसत नाही. अंगाशी तापली की वर निघून जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. तिला बसवून ठेवायचं तर इतके बारीक कोनाडे करून द्यावे लागतात, की तिला हलताच येणार नाही. लोकरीच्या केसांत, पक्ष्याच्या पिसांत, गोधडीच्या थरांत असे कोनाडे असतात. आपल्या अंगालाही ही युक्ती एकेकाळी येत होती. थंडी वाजली की शहारा येतो ना? प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू आहे, तो केस ओढून उभा करतो. मांजराच्या अंगावर असे केस उभे राहिले की त्यांच्यात हवा साठते आणि मांजर फुगून ऊबदार होतं. आपल्या अंगावरची ती दाट लव गेली, स्नायू मात्र अजून इमानदारीनं ओढतोय.

"पण आबा, कोकणात कुठली थंडी?" थोरलीचा मुद्दा. "आणि नदीचं पाणी गार का असेल?"

हा प्रश्न चांगला होता, कारण कुंडलिकेवर डिसेंबरात होडी चालते हेच मुळात नवल आहे. आपल्या गाढी नदीकडे बघा. श्रावणात दोन्ही तीर दाबून वाहते आणि मार्चपर्यंत तिच्यात दगड मोजता येतात. सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरणाऱ्या बहुतेक नद्या अशाच, चार महिन्यांच्या. कुंडलिका कोलाडपाशी बारा महिने वाहते, कारण तिच्यात दुसऱ्या एका नदीचं पाणी येतं.

ते पाणी आहे मुळेचं. सह्याद्रीच्या माथ्यावर, पुण्याच्या बाजूला पाऊस पडतो तो मुळा नदीत जातो. तिच्या मनाप्रमाणे झालं असतं तर ते पाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात गेलं असतं. पण मुळशीला टाटांनी धरण बांधलं, डोंगराच्या पोटातून पाणी पश्चिमेला वळवलं आणि सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. १९२७ पासून ते वीजघर चालू आहे. ह्या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट तिथं लढले आणि सेनापती बापट म्हणून ओळखले जाऊ लागले. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकतात, माझ्या मते ती दोन धडे भरेल एवढी आहे. असो. तर वीज करून मोकळं झालेलं ते पाणी कुंडलिकेत येतं आणि रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत, अरबी समुद्राला मिळतं. तुम्ही ज्या लाटेवर बसून खाली याल तिला खरं तर आंध्रात जायचं होतं.

मोठ्या तलावाच्या पोटातलं पाणी थंडीच्या दिवसांत चांगलंच गार असतं. त्यात डिसेंबरातला सकाळचा वारा. आणि होडी म्हटली की भिजणं आलंच. वल्ह्यावरून ओघळलेलं पाणी कोपरापर्यंत येतं, लाट मांडीवर येते, आणि धाकटे चिरंजीव बरोबर असताना कोणी ना कोणी पाण्यात पडणार हे गृहीत धरायचं.

"आता जीन्सवर या," थोरलीनं आठवण करून दिली.

येतो. जीन्स म्हणजे कापूस, आणि कापूस म्हणजे सरकीच्या अंगावर उगवलेला केस. एक केस म्हणजे एकच पेशी, दोन-तीन सेंटीमीटर लांब. बोंड उमलेपर्यंत ती पेशी रसानं भरलेली गोल नळी असते. बोंड उमललं की रस वाळतो, नळी चपटी होते आणि तिला पीळ पडतो. तो पीळ नसता तर एक केस दुसऱ्यात अडकला नसता आणि सूत निघालंच नसतं. ह्या केसाची भिंत सेल्युलोजची. सेल्युलोजला पाण्याची भारी ओढ. पाण्याचे रेणू त्याला चिकटतात, एकमेकांना ओढत तंतूंच्या फटींतून वर वर चढतात, आणि बघता बघता सगळ्या कोनाड्यांतली हवा बाहेर आणि पाणी आत. उरली फक्त मांडीला चिकटलेली जड ओली पट्टी.

एवढ्यावर भागत नाही. ती वाळताना आणखी लुटते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० ज्यूल उष्णता लागते. ती कोण पुरवणार? तुमची मांडी. भिजलेल्या जीन्सनं अर्धा लिटर पाणी धरलं असेल आणि ते सगळं अंगावरच वाळवायचं म्हटलं, तर जवळजवळ ३०० किलोकॅलरी गेल्या. आजीच्या दोन-अडीच भाकऱ्या नुसत्या पँट वाळवण्यात खर्च! हीच लूट मे महिन्यात आपल्याला हवीहवीशी असते. पनवेलच्या त्या चिकचिकीत सुती सदऱ्यासारखं सुख नाही, माठ गार होतो तोही ह्याच हिशेबानं. कापसात वाईट काही नाही. त्याला नदीवर नेऊ नये इतकंच.

"मग काय न्यायचं?"

मी आजीची जुनी उशी मागवली. आजीनं कपाळाला आठ्या घातल्या, पण दिली. एक वाडगंभर पाणी घेतलं. त्यात आधी औषधाच्या दुकानातल्या कापसाचा बोळा टाकला. क्षणात ओला होऊन बुडाला. मग उशीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून चिमूटभर कापूस काढून टाकला. तो तरंगत राहिला. बोटानं खाली दाबला, सोडला, परत वर. बाहेर काढून झटकला तर जवळजवळ कोरडा.

"हा कापूस नाहीच," धाकटा म्हणाला.

बरोबर. ही सावर. कर्नाळ्याच्या जंगलात फेब्रुवारीत पानं गाळून लालभडक फुलांनी पेटलेली काटेसावर तुम्ही रस्त्यावरून बघितलीय. उन्हाळ्यात तिची बोंडं फुटतात आणि म्हाताऱ्या उडतात, त्या ह्याच. काटेसावर, तिची बहीण पांढरी सावर, कापूस आणि ताटात नको असलेली भेंडी, ही सगळी एकाच कुळातली. पण सावरीचा केस बीवर उगवत नाही, तो बोंडाच्या आतल्या भिंतीवर उगवतो. त्याची भिंत अगदी पातळ, आत मोठी पोकळी आणि त्या पोकळीत हवा. पांढऱ्या सावरीच्या एका केसात जागेच्या हिशेबानं ८० टक्क्यांच्या आसपास नुसती हवाच असते. वरून मेणाचा हात. पाण्याला आत शिरायला वावच नाही. कच्च्या कापसावरही थोडं मेण असतं बरं का, पण कापड करताना ते उकळून धुऊन काढावं लागतं, त्याशिवाय रंग धरत नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत खलाशांच्या अंगातली तरंगती जाकिटं ह्या पांढऱ्या सावरीनं भरलेली असायची. एका झाडाच्या म्हाताऱ्यांनी किती माणसं बुडता बुडता वाचवली असतील! एकच अडचण होती, त्या जाकिटावर कोणी उशी समजून बसलं की आतल्या नळ्या चेपायच्या, हवा जायची आणि जाकिटाचा जीव जायचा.

म्हणून आता मामा जी जाकिटं आणणार आहे त्यांच्यात फोम असतो. फोम म्हणजे लाखो बुडबुडे, प्रत्येक बुडबुडा चारी बाजूंनी बंद. एक फुटला तरी शेजारच्याला पत्ता नाही. माणसाचं अंग पाण्याइतकंच जड, थोडं इकडे किंवा तिकडे. त्यामुळे अख्ख्या मोठ्या माणसाचं डोकं पाण्यावर ठेवायला सहा-सात किलोंचा आधार पुरतो. आमच्या लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधत, किंवा झाकण डाक लावून बंद केलेला पत्र्याचा डबा. तत्त्व तेच. जाकिटाची पट्टी मात्र घट्ट ओढायची. खांद्याला धरून वर उचललं आणि जाकीट कानापर्यंत आलं, तर पाण्यात ते तरंगेल आणि तुम्ही त्याच्याखालून निसटाल.

थोरलीनं तोवर जीन्स बाजूला ठेवली होती. तिच्या जागी मामाचा जुना क्रिकेटचा टी-शर्ट आला. पॉलिएस्टर. एरवी मी ह्या कापडाला नावं ठेवतो. घाम धरत नाही, वास मात्र धरतं. पण नदीवर त्याचा तो धरत नाही हाच गुण. दमट हवेत कापूस आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओल धरून बसतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. तंतूच्या आत पाणी जातच नाही, फक्त दोन धाग्यांच्या मध्ये राहतं. पिळलं, झटकलं, दोन वळणं वल्हवलं की वाळला. तर दिवसाचे कपडे हे: पॉलिएस्टरचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, तसलीच पातळ पँट, आणि वरून वारा अडवणारं पातळ जाकीट. ते जाकीट हातात घेतलं तर वजन काहीच नाही, ऊबही काही नाही. पण अंगाभोवतीची तापलेली हवा वारा हिसकावून नेतो, तेवढं ते रोखतं.

रात्रीसाठी मी माझं घोंगडं पुढे केलं.

दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ दिलेलं, खरखरीत, काळंभोर. धनगर ह्या घोंगड्यावर अख्खा पावसाळा काढतात. लोकर हा मला निसर्गातला फार हुशार धागा वाटतो. केसाच्या बाहेरच्या अंगाला एकावर एक खवले, त्यावर लोकरीचं तेल, म्हणून थेंब वरून घरंगळतो. पण आतल्या गाभ्याला वाफेची ओढ. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल लोकर पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ती ओल शोषताना स्वतः थोडी उष्णता सोडते. शिवाय प्रत्येक केस कुरळा. भिजली तरी ती कुरळ मोडत नाही, कोनाडे उघडे राहतात, हवा टिकते.

"आबा, हे उचलून बघा तरी," थोरली म्हणाली. उचललं. भिजलं असतं तर होडीत एक माणूस वाढला असता, आणि वाळायला दोन दिवस. मी तह केला: घोंगडं घरी, त्याऐवजी आजीनं विणलेले दोन लोकरी स्वेटर, लोकरी मोजे आणि माकडटोपी. माकडटोपीवर धाकट्यानं सत्याग्रह केला. आजीनं तो मोडून काढला.

त्याचं मन वळवायला मी त्याला पाणमांजराची गोष्ट सांगितली. कोकणच्या नद्यांत, खाड्यांत पाणमांजर असतं, काही ठिकाणी त्याला ऊद म्हणतात. मासे धरायला दिवसभर पाण्यात, तरी कातडी कोरडी. त्याच्या अंगावर दोन कपडे असतात. बाहेर लांब राठ केस, ते ओले होऊन एकमेकांवर पडतात आणि दार लावतात. आत आखूड मऊ लव, तिच्यात हवा कोंडलेली. सूर मारला की अंगातून बुडबुड्यांची रेघ निघते, ती हीच हवा. थंड समुद्रात राहणारं त्याचं भावंड, समुद्री पाणमांजर, तर ह्या बाबतीत जगात पहिलं. त्याच्या अंगावर एका चौरस सेंटीमीटरला एक लाखाहून जास्त केस. तुझ्या अख्ख्या डोक्यावर मिळून साधारण तेवढे असतील.

"एवढे?" त्यानं बोटाच्या नखाकडे बघितलं. माकडटोपी घडी होऊन पिशवीत गेली.

पक्ष्यांनी हाच प्रश्न निराळा सोडवला. तळ्यावर हळदी-कुंकू बदक दिसतं, चोचीवर खरंच हळद आणि कुंकू लावलेलं. ते सारखं मान वळवून शेपटीच्या मुळाशी चोच नेतं आणि मग पिसं विंचरतं. शेपटीच्या मुळाशी तेलाची पिशवी असते. पण नुसत्या तेलानं पाणी अडत नाही. पिसाची प्रत्येक काडी शेजारच्या काडीला सूक्ष्म आकड्यांनी अडकलेली असते आणि त्या जाळीची छिद्रं इतकी बारीक, की थेंबाला आत वाकता येत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो ना, तोच त्याला वर अडवून धरतो. तेल त्या जाळीला मऊ आणि धड ठेवतं. आणि पाणकावळा? तो पंख पसरून खांबावर का बसतो? त्याच्या पिसांची टोकं भिजतात. मुद्दाम भिजतात म्हणा ना. फार हवा भरलेला पक्षी बुडी मारू शकत नाही, आत ढकललेला चेंडू वर येतो तसा वर येतो. पाणकावळ्यानं बाहेरची हवा सोडली, अंगाशी लागून पातळसा कोरडा थर राखला, आणि खोल जायची सोय करून घेतली. त्याबदल्यात उन्हात वाळत बसावं लागतं.

उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी त्यांच्याकडची जनावरं वर्षानुवर्षं बारकाईनं बघितली. कयाक ही होडी त्यांचीच, लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून केलेली. कपडे कॅरिबू हरणाच्या कातड्याचे, कारण त्या हरणाचे केस पोकळ, आत हवा. असे दोन झगे घालायचे, आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर. पाणमांजराचाच शिंपी.

आता पिशव्या. मामानं दोन जलरोधक पिशव्या पाठवल्या होत्या, तोंड गुंडाळून कडी लावायच्या. धाकट्यानं त्याची पिशवी छातीवर दाबून दाबून सगळी हवा काढली आणि कडी लावली. वीट झाली नुसती.

"थोडी हवा राहू दे," मी म्हटलं.

"पण मामा म्हणाला, जागा वाचवा."

"जागा वाचव, पण होडी उलटली तर पिशवी वर यायला हवी ना. नारळ बघ." परसातून पडलेला एक आख्खा नारळ आणला. बाहेर गुळगुळीत साल, पाणी आत न घेणारी. तिच्याखाली काथ्याचं जाड भेंडोळं, आणि त्या काथ्यात काय?

"हवा!" दोघंही ओरडली. आता त्यांना रस्ता सापडला होता.

हवा. तिच्याखाली कठीण करवंटी. करवंटीच्या आत खोबरं, म्हणजे शिदोरी, आणि प्यायला पाणी. कित्येक आठवडे खाऱ्या पाण्यावर तरंगून कुठल्यातरी वाळूवर लागतो आणि स्वतःची शिदोरी खाऊन कोंब काढतो. पिशवी अशी भरायची. ज्याला पाण्याचा स्पर्श चालणार नाही ते सगळ्यात आत: काडेपेटी, औषधं, रात्रीचा कपड्यांचा जोड. प्रत्येक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, म्हणजे बाहेरची गळली तरी आत एक दार उरतं. तोंड तीनदा तरी घट्ट गुंडाळायचं. रात्रीचा जोड दिवसा काहीही झालं तरी उघडायचा नाही, हा नियम मी वहीत लिहून घ्यायला लावला. आणि दोन्ही पिशव्या होडीला दोरीनं बांधायच्या. होडीत पाणी शिरलं तर जेवढी जागा ह्या फुगलेल्या पिशव्यांनी अडवली, तेवढं पाणी कमी शिरतं, आणि उलटलेली होडी बुडायची ती वर राहते.

खाण्याचं खातं आजीकडे. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याचे लाडू, चिवडा. सुकट न्यायचा धाकट्याचा बेत होता, पण तंबूभोवती रात्रभर कुत्री कोण हाकलणार?

पायात काय, ह्यावर थोडा वाद झाला. थोरलीला रबरी चपला हव्या होत्या. चपला पहिल्याच लाटेत रेवदंड्याला पोचतील, म्हणून मागून पट्टा असलेले सँडल ठरले. बोटं मात्र उघडीच राहतील, आणि दुपारपर्यंत त्यांना सुरकुत्या पडतील. त्या का पडतात माहितेय? सगळ्यांना वाटतं, कातडी पाणी पिऊन फुगते. पण बोटाची नस तुटलेली असली तर कितीही वेळ पाण्यात ठेवा, त्या बोटाला सुरकुती पडत नाही. हे डॉक्टरांनी १९३० च्या दशकातच टिपलं होतं. म्हणजे हा मेंदूकडून निघालेला हुकूम आहे. बोटाच्या टोकाच्या रक्तवाहिन्या आकसतात, आतला मांसल भाग बसतो आणि वरची कातडी चुरगळते. त्या वळ्यांतून पाणी निसटतं आणि पकड सुधारते. २०१३ साली इंग्लंडात न्यूकॅसलला ह्याची परीक्षा घेतली. माणसांना पाण्यातल्या गोट्या उचलून दुसरीकडे टाकायला सांगितलं, तेव्हा सुरकुतलेल्या बोटांच्या माणसांनी त्या लवकर हलवल्या. कोरड्या गोट्यांना काही फरक पडला नाही.

हे ऐकल्यावर धाकटा न्हाणीघरात गेला आणि बादलीत हात घालून बसला. त्याला बाहेर काढेपर्यंत आम्ही रात्रीची तयारी बघितली.

थोरलीनं पांघरुणं दोन घेतली होती, अंथरायला काही नाही. पुष्कळ जण इथंच फसतात. पांघरुण फुलून हवा धरतं, पण अंगाखालचं चेपतं आणि कोनाडे मिटतात. मग जमीन रात्रभर पाठीतून ऊब ओढत राहते. म्हणून एक फोमची चटई, न चेपणारी. वरून वेगळी चोरी असते. डिसेंबरातलं निरभ्र आकाश म्हणजे उघडं छप्पर. ढग नसले की जमीन, गवत, माणूस सगळे आपली उष्णता वर आकाशात सोडत राहतात, आणि पहाटे गवतावर दंव पडतं. झाडाखाली तंबू लावला तर पानं ती उष्णता अडवून थोडी परत देतात. दंवही कमी. फक्त वाळक्या फांदीखाली नको.

आणि नदीच्या अगदी लगत नको. गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून सरपटत खाली येते आणि पात्रात साठते. चार पावलं वर चढलं तरी गारठा कमी लागतो. पण कुंडलिकेवर ह्याहून मोठं एक कारण आहे, आणि ते मी मुलांना सांगून थांबलो नाही, मामाला फोन लावला.

त्या नदीची पातळी पाऊस ठरवत नाही, भिऱ्याचं वीजघर ठरवतं. वीज लागली की पाणी सुटतं. होड्या आणि राफ्टवाले रोज सकाळच्या पाण्याची वाट बघतात ती म्हणूनच. संध्याकाळी उघडा पडलेला, बसायला सपाट, वाळूचा छान तुकडा दिसतो. तो नदीचाच असतो. ढग नाही, गडगडाट नाही, आणि पाणी गुडघाभर चढलेलं.

"तंबू कुठं लावणार आहेस?" मी विचारलं.

"आबा, खडकांवर ओलीची रेघ दिसते ना, तिच्यापेक्षा चांगला दीड-दोन पुरुष वर. आणि गावातल्या लोकांना विचारूनच. गेल्या वेळी त्यांनीच जागा दाखवली होती, आंब्याखाली."

"आंबा वाळलेला नाही ना?"

"नाही हो," मामा हसला. "पाचला गाडी काढतो. पाणी सुटायच्या आत पोचायचंय. पोरांना नऊला झोपवा."